८९.४

नोव्हेंबरातली शनिवारची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप उघडा, समोर मी, आणि माझ्या हातात तिच्या शाळेचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या ग्रेडची पत्रिका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात मुलांनी आपले ग्रेड स्वतःच भरायचे असतात. नववीपासूनचा एकेक विषय, एकेक सेमिस्टर, एकेक ओळ. अर्जाला ट्रान्सक्रिप्ट जोडायचं नसतं. प्रवेश मिळाला आणि मुलाने तो घेतला, की पुढच्या उन्हाळ्यात शाळेकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट जातं, आणि तेव्हा भरलेलं अक्षर न् अक्षर ताडून बघतात. चूक निघाली तर हातात आलेला प्रवेश जाऊ शकतो. म्हणून मी वाचत होते आणि ती टाइप करत होती.

इंग्लिश, ए. भूमिती, ए. स्पॅनिश, ए. नववी झाली, दहावीचं पहिलं सेमिस्टर झालं. दुसऱ्या सेमिस्टरवर आलो.

"ऑनर्स केमिस्ट्री," मी म्हटलं, आणि थांबले.

"बी," तीच म्हणाली आणि टाइप केलं.

त्या बीमागचा आकडा मला आजही पाठ आहे. ८९.४. तिच्या शाळेत ९०ला ए. ८९.५ असते तर संगणकाने नव्वद धरले असते. एक दशांश टक्का कमी पडला. दीड वर्ष मी तो आकडा मनात घोळवला होता, आणि त्या दीड वर्षात आमच्या दोघींमध्ये जे झालं ते मला आज लिहायचं आहे. कारण ज्या आकड्यावरून आमच्या दोघींत अबोला आला, तो आकडा कसा वाचला जातो हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझी स्वतःची दहावी महाराष्ट्र बोर्डाची. एक परीक्षा, एक निकाल, एक टक्केवारी. कॉलेजच्या फलकावर यादी लागायची, त्यात नाव असायचं किंवा नसायचं. मी कुठल्या शाळेत शिकले, तिथे प्रयोगशाळा होती की कुलूपबंद कपाट होतं, वर्षभर घरात काय चाललं होतं, यातलं त्या यादीला काहीही ठाऊक नव्हतं, आणि आम्हालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. मार्क म्हणजे मार्क. तो एकटा उभा राहतो, एकटाच बोलतो. हे माझ्या इतकं अंगात मुरलेलं होतं की या देशात येऊन वीस वर्षं झाली तरी मुलीच्या ग्रेडकडे मी त्याच नजरेने बघत राहिले.

इथली रीत मुळातच वेगळी. इथे निकालाचा एक दिवस नसतो. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चार वर्षं, आठ सेमिस्टर, आणि प्रत्येक सेमिस्टरअखेर प्रत्येक विषयाचं एक अक्षर कायमचं ट्रान्सक्रिप्टवर चढतं. एला चार, बीला तीन, सीला दोन, डीला एक. त्यांची सरासरी म्हणजे जीपीए. एपी (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) किंवा ऑनर्ससारखा कठीण वर्ग असेल तर बऱ्याच शाळा वरचा एक गुण किंवा त्याचा काही भाग देतात, म्हणून काही मुलांचा जीपीए चारच्या वर गेलेला दिसतो. मला सुरुवातीला ही पद्धत फार माणुसकीची वाटली. एका दिवशी ताप आला म्हणून वर्ष जात नाही, एका पेपरावर आयुष्य टांगलेलं नाही. ते खरंही आहे. पण एक परीक्षा गेली याचा अर्थ परीक्षा गेली असा होत नाही, हे कळायला मला वेळ लागला. ती रोजच्या दिवसांत विरघळली होती. मंगळवारची दहा मार्कांची क्विझ, गुरुवारचा गृहपाठ, लॅबची वही, वर्गात हात वर केला की नाही, सगळ्याची बेरीज शेवटी त्या अक्षरात.

आणि ही बेरीज मी रोज बघत होते. शाळेचं पोर्टल पालकांनाही उघडतं. दुपारी ऑफिसात डबा खाता खाता मी ते उघडायचे. शिक्षकांनी मार्क चढवले की आकडा हलायचा. ९१.२ चा ९०.७. कितीदा तरी असं झालं, की लेकीला वर्गात कळण्याआधी तिचे मार्क मला कळलेले असायचे, आणि ती घरी येऊन दप्तर ठेवेपर्यंत मी विचारलेलं असायचं, "क्विझला काय झालं?" आपण लक्ष घालतोय, असं मला वाटत होतं. तिच्या बाजूने ते कसं असेल, आपल्याला अजून माहीत नसलेली चूक आईच्या चेहऱ्यावर आधीच वाचायला लागणं, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

केमिस्ट्रीचा वर्ग निवडतानाच आमचं वाजलं होतं. नववीच्या वसंतात पुढच्या वर्षाचे विषय भरून द्यायचे होते. साधी केमिस्ट्री आणि ऑनर्स केमिस्ट्री असे दोन पर्याय. माझं म्हणणं सरळ होतं: साधी घे, ए पक्का. ती म्हणाली, "मला ऑनर्स घ्यायचीय. त्यांच्याकडे लॅब जास्त असतात." मी टक्क्यांचा हिशेब मांडला, तिने लॅबचा. शेवटी सही माझी लागत होती आणि ती मी केली, पण करताना म्हणाले, "बघ हं, ए यायला हवा." ते वाक्य मी सहज बोलून गेले. तिने ते वर्षभर बरोबर वागवलं, हे नंतर कळलं.

मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी टायट्रेशनची लॅब झाली. अनोळखी तीव्रतेचं आम्ल फ्लास्कमध्ये, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. एकेक थेंब सोडत जायचं. थेंब पडतो तिथे गुलाबी रंग उमटतो, फ्लास्क हलवला की विरतो. पुन्हा थेंब, पुन्हा विरतो. आणि मग असा एक थेंब येतो की तो रंग विरत नाही. पांढऱ्या कागदावर फ्लास्क ठेवल्याशिवाय दिसणारही नाही इतका फिका गुलाबी. तोच खरा बिंदू. त्यापुढे एक थेंब जास्त पडला की फ्लास्क गडद गुलाबी होतो, आणि तो प्रयोग वाया.

लेकीचे दोन प्रयोग गडद झाले. इतर मुलांनी गडद रंगावरच आकडे लिहून वही दिली. त्यात गैर काही नव्हतं, चूक का झाली ते लिहिलं की लॅबचे बरेचसे मार्क मिळत होते. हिला ते पटेना. तिने शिक्षकांना विचारून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी तो फिका रंग आला. त्या दिवशी संध्याकाळी तिने मला फोनवरचा फोटो दाखवला. पांढऱ्या कागदावर काचेचा फ्लास्क, आत पाणी. "कुठाय गुलाबी?" मी म्हटलं. "नीट बघ ना आई," ती म्हणाली आणि फोन दिव्याखाली तिरका धरला. तेव्हा दिसला. असेल-नसेल असा.

लॅबची वही दोन दिवस उशिरा गेली. उशिराचे मार्क नियमाप्रमाणे कापले गेले. त्या सेमिस्टरचा शेवट ८९.४वर झाला, आणि मी पोर्टलवर खाली खाली जात प्रत्येक ओळ तपासली, तेव्हा ती लॅब सापडली. ती वेळेवर दिली असती तर आकडा नव्वदच्या पार गेला असता. मी तिच्या खोलीत जाऊन म्हणाले, "रंग बघत बसलीस आणि ए घालवलास."

तिने काही उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर जेवताना केमिस्ट्री कधी निघाली नाही. अकरावीत तिने एपी केमिस्ट्री घेतली, ए मिळाला, एपीच्या परीक्षेतही चांगले मार्क आले. लॅबमध्ये काय केलं हे मात्र तिने मला पुन्हा सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "ठीक झाली. मार्क आले की पोर्टलवर दिसतील तुला."

अकरावीच्या हिवाळ्यात शाळेच्या काउन्सेलर बाईंनी पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवली होती. पालकांचे बहुतेक प्रश्न माझ्यासारखेच होते. बी आला तर काय? दोन बी आले तर? बाईंनी ते सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि एक दोन पानी कागद पडद्यावर दाखवला. तो कुठल्याही मुलाचा नव्हता, शाळेचा होता. त्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. शाळेत किती मुलं, ग्रेड कसे देतात, एपीचे किती आणि कुठले वर्ग आहेत, मागच्या वर्षीच्या मुलांचे जीपीए साधारण कुठे होते, किती मुलं पुढे कॉलेजला गेली. ज्या कॉलेजांना शाळेकडून ट्रान्सक्रिप्ट जातं, त्यांना सोबत हा कागदही जातो. खाजगी कॉलेजांच्या अर्जांत काउन्सेलरला वर आणखी एक प्रश्न असतो: तुमच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्या मानाने या विद्यार्थ्याने निवडलेला अभ्यासक्रम किती कठीण होता? सगळ्यात कठीण, खूप कठीण, कठीण, साधारण, अशा चौकटी असतात, त्यातली एक निवडायची.

"तुमच्या मुलाचा बी कुणी एकटा वाचत नाही," बाई म्हणाल्या. "तो कुठल्या वर्गातला बी आहे, त्या वर्गाऐवजी मुलाला दुसरं काय घेता आलं असतं, आणि त्याच्याआधी आणि नंतर काय आहे, हे सगळं समोर ठेवून वाचतात."

मी वहीत हे लिहून घेतलं आणि घरी येऊन शोधायला बसले. मोजक्याच मुलांना घेणारी कॉलेजंसुद्धा दरवर्षी एक ठरावीक माहितीपत्रक प्रसिद्ध करतात, कॉमन डेटा सेट नावाचं. त्यात एक तक्ता असतो: प्रवेश देताना कुठली गोष्ट किती महत्त्वाची. जीपीए, वर्गातला क्रमांक, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, सगळ्यांची नावं ओळीने. त्यातली पहिलीच ओळ हायस्कूलच्या अभ्यासक्रमाच्या काठिण्याची. मी पाच-सहा कॉलेजांचे तक्ते काढून बघितले. प्रवेश अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची सर्वेक्षणंही वर्षानुवर्षं तेच सांगत आली आहेत: सगळ्यात वर ग्रेड आणि त्यांच्या जोडीला अभ्यासक्रमाचा दर्जा. निबंध, उपक्रम, मुलाखती यांवर पालक जेवढं बोलतात, तेवढं त्यांचं वजन या यादीत नाही.

मग आमच्या घरापुरता प्रश्न होता तो कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, आणि तो हिशेब मी कागदावर मांडला. हे विद्यापीठ शाळेचा जीपीए जसाच्या तसा घेत नाही, स्वतःचा काढतं. त्यात नववीचे ग्रेड धरत नाहीत. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ठरावीक विषय तेवढे धरतात. अधिक-उणे चिन्हं गळतात, म्हणजे बी प्लसही बी आणि ए मायनसही ए. मान्यता असलेल्या ऑनर्स किंवा एपीच्या वर्गाला सी किंवा वरचा ग्रेड असेल तर एक गुण जादा, पण तो जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांना, आणि त्यात दहावीची चारच. लेकीच्या शाळेची ऑनर्स केमिस्ट्री विद्यापीठाच्या मान्य यादीत होती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. बीचे तीन, अधिक एक. चार.

साध्या केमिस्ट्रीतल्या एचेही चारच.

म्हणजे मी तिला जो पक्का ए घ्यायला सांगत होते, तो आणि तिने आणलेला बी, विद्यापीठाच्या बेरजेत एकाच किमतीचे होते. वर तिच्याकडे कठीण वर्गाची नोंद होती, आणि अकरावीत त्याच विषयात एपी आणि ए. काउन्सेलर बाई म्हणत होत्या ती "त्याच्याआधी आणि नंतर"ची रेघ तिने स्वतःच्या हाताने काढलेली होती. ऑनर्समध्ये ए असता तर पाच झाले असते, हेही खरंच. तो एक गुण गेला, तो गेलाच. पण मी ज्याला पडझड समजून बसले होते ती पडझड नव्हती.

ग्रेडने काही फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं सांगणारी माणसं बहुतेक अशी असतात ज्यांच्या मुलांचं सगळं पार पडलेलं असतं. याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या कॅम्पसकडे, यूसीएलएकडे, पहिल्या वर्षासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज येतात आणि प्रवेश मिळतो तो शंभरातल्या नऊ-दहांना. इतक्या गर्दीत ग्रेड हा पहिला दरवाजा असतो, आणि तो बंद असला तर निबंध कितीही सुंदर असला तरी आत नेत नाही. बारावीत ढिलाई केली तर मिळालेला प्रवेशही काढून घेतात, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं.

उलट बाजूने, दरवाजा उघडला म्हणजे जागा मिळाली असंही नाही. हार्वर्डवर जो खटला चालला, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या जूनमध्ये दिला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणं थांबवलं, त्या खटल्यात एक आकडा पुढे आला होता. २०१९मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी आलेल्या देशांतर्गत अर्जांत आठ हजारांहून जास्त मुलांचा जीपीए परिपूर्ण होता. प्रवेश मिळाला सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास मुलांना. म्हणजे चार वर्षं एकही अक्षर खाली न उतरू देणारी हजारो मुलं, आणि त्यांना नकार.

हे असं का झालं, याचं एक उत्तर ग्रेडच्या फुगवट्यात आहे. १९९०मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूल पदवीधरांचा सरासरी जीपीए २.६८ होता, २०१९मध्ये तो ३.११ झाला. एसीटी ही कॉलेजप्रवेशाची देशव्यापी परीक्षा देणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए २०१० ते २०२१ या काळात ३.२२वरून ३.३९वर गेला, आणि त्याच मुलांचे परीक्षेतले सरासरी गुण मात्र वाढले नाहीत. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण पोर्टलवर ८९.४ बघून शिक्षकांना ईमेल करणारे पालक आम्हीच. मीही केला होता. "काही जादा काम देऊन नव्वद करता येईल का?" असा. शिक्षकांनी नम्रपणे नाही म्हटलं. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, ते नाही म्हणाले म्हणून तरी त्या वर्गातल्या ए मिळवलेल्या मुलांच्या एला काही अर्थ उरला.

या फुगवट्यामुळेच परीक्षांचा वाद पुन्हा उभा राहिला. महामारीत २०२०पासून बहुतेक कॉलेजांनी एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केल्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर त्या बघणंच बंद केलं. मग २०२२मध्ये एमआयटीने एसएटी परत आणली, २०२४मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनीही परीक्षा पुन्हा सक्तीच्या केल्या. दोन्ही बाजूंकडे अभ्यास आहेत. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या मुलांवरचा २०२०चा एक मोठा अभ्यास सांगतो की कॉलेज पुरं करण्याशी हायस्कूलच्या जीपीएचा संबंध एसीटीच्या गुणांपेक्षा पाचपट घट्ट आहे. आयव्ही लीगसारख्या, मोजक्यांनाच घेणाऱ्या नामवंत कॉलेजांवरचा २०२४चा अभ्यास म्हणतो, तिथे परीक्षेचे गुण पुढची कामगिरी जास्त चांगली सांगतात. मला यात विसंगती दिसत नाही. सगळ्या तऱ्हेच्या मुलांमध्ये, चार वर्षं रोज उठून शाळेत गेलं, अर्धवट काम पुरं केलं, पडलं तरी पुन्हा उभं राहिलं, हे ग्रेड दाखवतात, आणि कॉलेज पुरं करायला तेच लागतं. पण जिथे दारात उभी असलेली सगळीच मुलं ए घेऊन आली आहेत, तिथे ए काय सांगणार?

टेक्सासने १९९७मध्ये वेगळाच मार्ग काढला. शाळा कुठलीही असो, तिथल्या पहिल्या दहा टक्क्यांत असाल तर राज्याच्या विद्यापीठात प्रवेश पक्का. ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात गर्दी इतकी झाली की तिथे ती रेषा आता पाच-सहा टक्क्यांवर आली आहे. यात मला एक न्याय दिसतो: सीमेवरच्या गरीब गावातल्या शाळेचा पहिला मुलगा आणि श्रीमंत उपनगरातल्या शाळेचा पहिला मुलगा, दोघांना एकच दार. त्यातून पळवाटाही निघाल्या, काही घरांनी मुलांच्या शाळा क्रमांकाचा विचार करून निवडल्या. कॅलिफोर्नियातही अशी नऊ टक्क्यांची हमी आहे, पण ती हव्या त्या कॅम्पसची नव्हे, जिथे जागा असेल तिथली.

शाळांमधली ही दरी मला सगळ्यात जास्त सलते. माझ्या लेकीच्या शाळेत एपीचे वीसहून जास्त वर्ग आहेत. याच देशात अशा शाळा आहेत जिथे एकही नाही, जिथे केमिस्ट्रीचा पूर्णवेळ शिक्षक मिळत नाही. स्कूल प्रोफाइल वाचणारा अधिकारी म्हणेल, या मुलाने आपल्या शाळेतला सगळ्यात कठीण अभ्यासक्रम घेतला होता. म्हणेल, मनापासून म्हणेल. पण ज्या मुलाने ब्युरेट हातात धरलीच नाही, त्याला कॉलेजच्या पहिल्या प्रयोगशाळेत ते वाक्य किती पुरणार? आणि काउन्सेलर बाईंसारखी व्यक्ती ज्या शाळेत पाचशे मुलांमागे एक असेल, तिथे "आधी आणि नंतर" कोण समजावून सांगणार?

माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आमच्या गटात अडलं की आम्ही त्याच्याकडे जातो. त्याच्या हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर डी आहेत, एफही आहे. त्याने ते स्वतःच सांगितलं. वडील गेले, आई रात्रपाळी करायची, हा धाकट्यांना सांभाळायचा आणि सकाळी पहिल्या तासाला पोचायचा नाही. हायस्कूल कसंबसं संपवून तो कम्युनिटी कॉलेजात गेला. तिथे सगळ्यांना प्रवेश असतो. तीन वर्षं काम करत शिकला आणि तिथल्या ग्रेडवर कॅलिफोर्निया विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला गेला. बदलीने येणाऱ्या मुलांचे कॉलेजचे ग्रेड बघतात, हायस्कूलचे तिथे मोजत नाहीत. १९६०मध्ये या राज्याने उच्च शिक्षणाची जी आखणी केली, त्यातच ही वाट ठेवलेली होती. "मला कुणीतरी पाटी पुसून दिली," तो म्हणाला. माझ्यासारख्या पालकांच्या गप्पांत या वाटेचं नाव खालच्या आवाजात घेतात. मला आता त्याचं वाईट वाटतं. पंधराव्या वर्षी घसरलेल्या मुलाला विसाव्या वर्षी सरळ दाराने आत येता येतं, यापेक्षा चांगली गोष्ट एखाद्या राज्याने काय करावी?

या व्यवस्थेत एक मार्क एकट्याने बोलत नाही, त्याच्यासोबत शाळा बोलते, वर्ग बोलतो, पुढची-मागची वर्षं बोलतात, हे मला पटलं आहे, आणि माझ्या दहावीच्या यादीपेक्षा ते मला चांगलं वाटतं. फक्त त्यासाठी सगळ्याचीच नोंद ठेवावी लागते, आणि ही किंमत मुलं देतात. पंधराव्या वर्षी माणसाने काही दिवस फुकट घालवायला हवेत. चुकीच्या गोष्टीच्या नादी लागायला हवं, आणि कुणी त्याचा हिशेब ठेवता कामा नये. त्या फ्लास्कपाशी तिने घालवलेले तीन दिवस तसे होते. मी ते पोर्टलमधून शोधून काढले आणि त्यांना एक आकडा चिकटवला. ते काम विद्यापीठाने केलं नव्हतं, मी केलं होतं.

हे मी तिला सांगितलं, अकरावीच्या त्या हिवाळ्यात, गाडीत. गाडीत समोर बघत बोलता येतं म्हणून. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ओके आई." बस. पुढच्या आठवड्यात मी फोनवरून ते पोर्टल काढून टाकलं. त्यानंतर तिने मला लॅबबद्दल सांगायला सुरुवात केली असं नाही. कधी कधी सांगते. बरेचदा नाही.

तर त्या शनिवारी बी भरून झाला, आणि आम्ही चहाला थांबलो. अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडून साडेतीनशे शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची असतात. त्यात एक प्रश्न असतो, तुम्हाला आतून ओढणारा अभ्यासाचा विषय कुठला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या टायट्रेशनबद्दल लिही ना. किती छान होईल. त्यांना कळेल तरी, तो बी कशामुळे."

ती कपातल्या वाफेकडे बघत होती.

"नको," ती म्हणाली. "ते अर्जात नको."

"का गं?"

"ते माझं आहे."

मी मान हलवली. तिने कप बाजूला सरकवला, लॅपटॉप पुढे ओढला.

"वाच," ती म्हणाली. "अकरावी, पहिलं सेमिस्टर."